अ‍ॅमस्टरडॅम ते लिस्बन: अंतर १८४७ किमी, पण वेळ नक्की किती धरायचा?

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सुटे करतो. तुम्ही लिहिलंय की आई-बाबा पुण्याहून तुमच्याकडे युट्रेक्टला आलेत, मे महिन्यात सगळे मिळून लिस्बनला जाताय, एका साइटवर अंतर १८४७ किमी दिसतं, मॅपवर बघितलं तर २२०० च्या वर जातं, आणि तिकिटावर जाताना सकाळी ९:३० ला निघून ११:३० ला पोचणार म्हणजे दोन तास, येताना दुपारी १२:३० ला निघून १६:३० ला पोचणार म्हणजे चार तास. एवढा फरक वाऱ्यामुळे पडतो का आणि नक्की फ्लाइट टाइम किती समजायचा, असं विचारलंय. आणि मग सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे की परत येण्याच्या त्याच दिवशी रात्री साडेनऊला आई-बाबांची अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल एअरपोर्टवरून दुबईमार्गे मुंबईची फ्लाइट आहे, वेगळ्या तिकिटावर. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ती शेवटची ओळ आहे. पण तिचं उत्तर नीट समजायला अंतर आणि वेळेचं गणित कळलं पाहिजे, म्हणून तिथून सुरू करतो.

मी युरोपात फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम करतो, म्हणजे विमान सुटायच्या आधी त्याचा रूट, इंधन, वेळ, वारा, पर्यायी एअरपोर्ट हे सगळं बघून फ्लाइट प्लॅन तयार करायचा आणि विमान उतरेपर्यंत त्यावर लक्ष ठेवायचं. त्यामुळे हे आकडे रोज डोळ्यासमोर असतात. लांबलचक होईल, पण निवांत वाचा.

आधी अंतर. १८४७ किमी हा आकडा बरोबर आहे. पृथ्वीच्या गोल्यावर दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा मार्ग, ज्याला ग्रेट सर्कल म्हणतात, त्याचं हे अंतर. घरात ग्लोब असेल तर एक दोरा घ्या, एक टोक अ‍ॅमस्टरडॅमवर धरा, दुसरं लिस्बनवर, आणि ताणून धरा, दोरा ज्या रेषेत बसेल ती ही रेषा. आमच्याकडे सगळं नॉटिकल माइलमध्ये चालतं, एक नॉटिकल माइल म्हणजे १.८५२ किमी, त्या हिशोबाने हे अंतर ९९७ येतं, म्हणजे जवळजवळ बरोब्बर हजार, त्यामुळे पुढचं गणित सोपं जाणार आहे. २२०० च्या वरचा जो आकडा तुम्हाला दिसला तो गाडीने जायचा रस्ता आहे, बेल्जियम, फ्रान्स, स्पेन करत. त्याचा विमानाशी काही संबंध नाही, सोडून द्या.

आता विमान ह्या दोऱ्यावरून जातं का? बरंचसं जातं, पण तंतोतंत नाही. सरळ रेषा धरली तर बेल्जियमच्या पश्चिम भागातून, फ्रान्समध्ये रूआँ, नॉन्त ह्या बाजूने खाली, मग बिस्केचा उपसागर, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर अस्तुरियास आणि तिथून पोर्तुगालमध्ये. प्रत्यक्षात रूट थोडा इकडेतिकडे होतो, कुठे लष्करी सरावासाठी हवाई हद्द बंद असते, कुठे एखाद्या सेक्टरमध्ये, म्हणजे आकाशाच्या ठरलेल्या एका भागात, गर्दी असते. युरोपात आता बऱ्याच भागात फ्री रूट एअरस्पेस आहे, म्हणजे पूर्वीसारखं ठरलेल्या हवाई रस्त्यांवरूनच जायचं बंधन राहिलेलं नाही, त्यामुळे वरच्या उंचीवरचा वळसा साधारण दोन-तीन टक्क्यांचाच असतो. खरी भर पडते ती टेकऑफनंतर आणि उतरताना.

लिस्बनचंच बघा. लिस्बन एअरपोर्ट अगदी शहरात आहे आणि वापरात एकच धावपट्टी आहे, साधारण उत्तर-दक्षिण. तिथे वारा बहुतेक वेळा उत्तरेकडून असतो, आणि विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणजे दक्षिणेकडून येऊन उत्तरेकडे तोंड करून. आता तुम्ही येताय उत्तरेकडून. त्यामुळे विमान आधी शहर ओलांडून तेजो नदीच्या पलीकडे दक्षिणेला जातं, तिथे वळतं, आणि मग नदी, तो लांबलचक लाल पूल, घरांची लाल कौलं हे सगळं खाली दाखवत शहरावरून उतरतं. खिडकीची सीट असेल तर आई-बाबांना नक्की द्या, युरोपातल्या सुंदर अ‍ॅप्रोचपैकी एक आहे. पण ह्या वळशात दहा-बारा मिनिटं सहज जातात, आणि त्याच दिवशी वारा दक्षिणेचा असला की सरळ येऊन उतरता येतं आणि तेवढा वेळ वाचतो. अंतर तेच, विमान तेच. हे सगळं धरून प्रत्यक्ष उडलेलं अंतर १९०० ते १९५० किमीच्या आसपास जातं.

आता वेळ. इथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, तिकिटावरचा वेळ हवेतला वेळ नसतो. रिक्षाचा मीटर पडतो तसं आमचं घड्याळ विमानाने गेटवर ब्रेक सोडले की सुरू होतं आणि दुसऱ्या एअरपोर्टवर स्टँडवर ब्रेक लावले की थांबतं. ह्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात टॅक्सी (विमानाचं जमिनीवर चालत जाणं), टेकऑफ, चढणं, क्रूझ (वर एका उंचीवर उडत राहणं), उतरणं, परत टॅक्सी सगळं आलं.

ह्या रूटचं गणित मी कसं मांडतो ते दाखवतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ धरा, वर क्रूझला मॅक ०.७८, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्के, त्या उंचीवरच्या थंड हवेत हे ताशी ८२९ किमीच्या आसपास येतं, ४४७ नॉट, म्हणजे ताशी ४४७ नॉटिकल माइल. चढताना आणि उतरताना मिळून साधारण २८० नॉटिकल माइल कापले जातात आणि त्याला ५५ मिनिटं लागतात, लिस्बनचा तो वळसा धरून. उरले ७५० नॉटिकल माइल, वारा अजिबात नाही असं समजलं तर १०१ मिनिटं. झाले २ तास ३६ मिनिटं हवेत. त्यात स्किपोलला टॅक्सी १५ मिनिटं, लिस्बनला ७ मिनिटं, एकूण २ तास ५८ मिनिटं. वेळापत्रकात तीन तास का धरतात ते इथे कळतं.

स्किपोलचे १५ मिनिटं मात्र फार लवचिक आहेत बरं का. तिथे सहा धावपट्ट्या आहेत, कुठली वापरायची ते वारा आणि आवाजाचे नियम बघून दिवसातून अनेकदा बदलतं. काखबान मिळाली, जी नैऋत्येकडे तोंड करून आहे, तर पटकन निघता आणि दिशाही आपलीच. पोल्डरबान मिळाली, २००३ साली सुरू झालेली सगळ्यात लांबची, तर हायवेवरच्या पुलावरून टॅक्सी करत जावं लागतं आणि नुसत्या टॅक्सीतच पंधरा-वीस मिनिटं जातात. नवीन माणसाला वाटतं की विमान रस्त्यानेच लिस्बनला निघालं की काय.

मग तिकिटावर दोन तास आणि चार तास का दिसतात? हे घड्याळामुळे. तिकिटावर प्रत्येक एअरपोर्टची स्थानिक वेळ छापतात आणि पोर्तुगाल नेदरलँड्सच्या एक तास मागे आहे. सकाळी ९:३० ला निघालात, तीन तासांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या घड्याळात १२:३० झाले, लिस्बनच्या घड्याळात ११:३०. येताना लिस्बनहून १२:३० ला निघालात तेव्हा अ‍ॅमस्टरडॅममध्ये १३:३० वाजलेत, तीन तासांनी १६:३०. म्हणजे दोन्ही बाजूंना बरोबर तीनच तास. उन्हाळी वेळ आणि हिवाळी वेळ सुरू व्हायचा क्षण पूर्ण युरोपियन युनियनमध्ये एकच असतो, मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, त्यामुळे हा एक तासाचा फरक वर्षभर कायम राहतो, त्यात गोंधळ नाही.

वाऱ्याचा फरक खरंच पडतो, पण तो वेगळा आणि तो तिकिटावर दिसत नाही. युरोपवर वरच्या उंचीवर बहुतेक वेळा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. तुम्ही अ‍ॅमस्टरडॅमहून निघता ते नैऋत्येला, दिशा २२१ अंश, त्यामुळे पश्चिमेचा वारा पूर्ण समोरून लागत नाही, तिरका लागतो, त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग तुमच्या वाटेच्या आड येतो. समजा वर ६० नॉटचा वारा आहे, तर ३९ नॉट वजा. जाताना क्रूझला १०१ ऐवजी ११० मिनिटं, येताना तोच वारा पाठीमागून, ९३ मिनिटं. फरक सतरा-अठरा मिनिटांचा. हिवाळ्यात जेट स्ट्रीम, म्हणजे वरच्या उंचीवरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, जोरात असला आणि १०० नॉट लागले तर ११८ आणि ८८, म्हणजे अर्ध्या तासाचा फरक. मे महिन्यात वारे एवढे जोरात सहसा नसतात, पण एखाददुसरा दिवस असतो. आणि एक गंमतीची गोष्ट, जाता-येता मिळून वारा फिट्टंफाट करत नाही. ११८ आणि ८८ ची बेरीज २०६, आणि वारा नसता तर २०२ झाली असती. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी. रोज शेकडो विमानं उडवणाऱ्या कंपनीला ही चार मिनिटं आणि त्याचं इंधन मोजावंच लागतं.

वेगाचं पण थोडं सांगतो, कारण बरेच जण म्हणतात की उशीर झाला तर पायलट जोरात चालवून भरून काढेल. ह्या अंतरावर मॅक ०.७६ आणि ०.७९ मध्ये फरक पडतो तो चार मिनिटांचा. चार! आणि त्यासाठी इंधन जास्त जळतं. किती वेगाने जायचं हे इंधनाचा खर्च आणि वेळेचा खर्च यांचा हिशोब करून ठरतं, त्या आकड्याला आम्ही कॉस्ट इंडेक्स म्हणतो. ए‌टीसीने, म्हणजे विमानांना वाट देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणाने, एखादा शॉर्टकट दिला तर आणखी दोन-तीन मिनिटं. म्हणजे जमिनीवर ४० मिनिटं गेली तर ती हवेत परत मिळत नाहीत. मिळाली असं जे वाटतं ते वेळापत्रकात आधीच ठेवलेल्या सैल वेळेमुळे.

इथपर्यंतचा हिशोब एकदा थोडक्यात सांगतो म्हणजे पुढे जाता येईल: अंतर १८४७ किमी, हवेत अडीच तासांच्या जरा वर, गेट ते गेट तीन तास, तिकिटावरचे दोन आणि चार हा घड्याळाचा खेळ, आणि वारा चांगल्या-वाईट दिवसाला पाव तास इकडे किंवा तिकडे करतो. दुसऱ्या कुठल्या दोन शहरांचं काढायचं असेल तर माझा हातचा हिशोब असा की ग्रेट सर्कल किमीला ८०० ने भागा, तेवढे तास, वर ४० मिनिटं. पॅरिस-रोम साधारण ११०० किमी, दोन तास दोन मिनिटं येतात. लंडन-अथेन्स साधारण २४०० किमी, तीन तास चाळीस मिनिटं. तिकिटावर ह्याच्या आसपासच दिसेल. लंडन-अ‍ॅमस्टरडॅमसारखी छोटी उडी, ३७० किमी, आणि दोन्ही टोकांना गर्दी, तिथे अजून दहा-पंधरा मिनिटं घाला, कारण तिथे हवेपेक्षा जमिनीवरचाच वेळ जास्त असतो.

हा हिशोब फसतो ती जागाही सांगतो. जिथे सरळ रेषा वापरताच येत नाही तिथे. हेलसिंकी-इस्तंबूलचा दोरा ग्लोबवर ताणा, तो बाल्टिक देश, बेलारूस, युक्रेनवरून जातो. मे २०२१ नंतर युरोपियन कंपन्यांनी बेलारूसवरून जाणं बंद केलं आणि फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे, त्यामुळे विमानं पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानियावरून वळसा घालून जातात. अंतर सांगणाऱ्या साइटवर आकडा जुनाच आहे, वेळ मात्र वाढलाय. तुमच्या रूटला असं काही नाही.

आता ती शेवटची ओळ. १६:३० ला उतरणार, २१:३० ला मुंबईकडे उड्डाण, पाच तास, भरपूर आहेत असं तुम्हाला वाटतंय. आधी हे पाच तास खरे किती आहेत ते मोजू. वेगळं तिकीट म्हणजे बॅग मुंबईपर्यंत टॅग होणार नाही, ती स्किपोलला पट्ट्यावर येणार. लिस्बन-अ‍ॅमस्टरडॅम हा शेंगेनमधला, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांमधला प्रवास, त्यामुळे उतरल्यावर पासपोर्ट कंट्रोल नाही, सरळ बॅगेकडे जाता येतं, हे बरं आहे. पण बॅग घ्या, बाहेर या, डिपार्चरला जा, परत चेक-इन, परत सिक्युरिटी, आणि मग शेंगेनमधून बाहेर पडायचा पासपोर्ट कंट्रोल. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या देशांतल्या पाहुण्यांची ये-जा नोंदवणारी नवीन एंट्री-एक्झिट सिस्टीम टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, आई-बाबा व्हिजिट व्हिसावर असणार म्हणजे ते त्या रांगेत, तुमच्या रेसिडेन्स परमिटची सवलत त्यांना नाही. आणि लांब पल्ल्याच्या फ्लाइटचा चेक-इन काउंटर बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या ६० मिनिटं आधी बंद होतो. म्हणजे तुमची खरी डेडलाइन २१:३० नसून २०:३० आहे. बॅग मिळून काउंटरला पोचायला, वयस्कर माणसं बरोबर असताना, मी तास धरीन. उरले तीन तास. लिस्बनची फ्लाइट एक-दीड तास उशिरा आली तरी चालेल, दोन तास झाला तर धावपळ, तीन तास झाला तर फ्लाइट गेली.

मग प्रश्न असा की तेवढा उशीर व्हायची शक्यता किती, आणि हे परिस्थितीवर आहे, एक आकडा मी देणार नाही. पण उशीर कुठून येतो हे सांगू शकतो, त्यावरून तुम्ही ठरवा.

पहिलं म्हणजे तुमची १२:३० ची फ्लाइट जे विमान करणार, ते बहुतेक तेच असणार जे सकाळी ९:३० ला अ‍ॅमस्टरडॅमहून निघून ११:३० ला लिस्बनला आलंय. मध्ये एक तास, त्यात लोक उतरणार, सफाई, इंधन, नवीन लोक चढणार. सकाळी तिकडे धुकं असलं, वारा आडवा असला आणि स्किपोलने धावपट्ट्या कमी केल्या, की तो उशीर जसाच्या तसा तुमच्या परतीवर येतो, लिस्बनला लख्ख ऊन असलं तरी. दिवस चढत जातो तसा हा उशीर साठत जातो. म्हणून मी घरच्यांसाठी बुकिंग करतो तेव्हा सकाळची पहिली फ्लाइट बघतो, जिचं विमान रात्रभर तिथेच उभं होतं.

दुसरं म्हणजे स्लॉट. हे प्रवाशांना सगळ्यात कमी माहीत असतं आणि सगळ्यात जास्त चिडचिड ह्याचीच होते. लिस्बन ते अ‍ॅमस्टरडॅम तुम्ही पाच देशांच्या हद्दीतून जाता. वाटेतली एटीसीची सेंटर अशी: लिस्बन, मग स्पेनची माद्रिदवाली मंडळी, मग फ्रान्समध्ये बोर्दो आणि ब्रेस्टचे सेंटर, मग बेल्जियम-नेदरलँड्सवर वरच्या उंचीला मास्ट्रिख्टचं सेंटर, जे २४,५०० फुटांच्या वरचं बघतं. ह्यातल्या एकाही सेंटरला त्या तासाला विमानं जास्त झाली, वादळी ढग आले, किंवा माणसं कमी असली, की ब्रसेल्समधून युरोकंट्रोलचं नेटवर्क मॅनेजर आमच्या स्क्रीनवर एक मेसेज पाठवतं, अमुक फ्लाइटचा टेकऑफ अमुक वाजता. त्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंतच निघायचं, नाहीतर नवीन वेळ मिळते, बहुधा अजून पुढची. तुम्हाला लिस्बनला सीटवर बसवून, दार बंद करून पायलट सांगतो की आपल्याला ४५ मिनिटांनी स्लॉट आहे, आणि लोक म्हणतात मग टर्मिनलमध्येच का नाही बसवलं. कारण असं की सगळे आत, दार बंद, विमान तयार, असं असेल तरच आमच्या विनंतीवरून तिथली एटीसी रेडी मेसेज टाकू शकते, आणि मग कोणाचा स्लॉट सुटला तर तो आपल्याला मिळतो. टाकल्यावर पाच मिनिटांत वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आलेली रोज बघतो मी. प्रवासी टर्मिनलमध्ये पांगलेले असते तर ती संधी हातची गेली असती. त्यामुळे पायलटने आत बसवलं तर रागावू नका, तो तुमच्याच बाजूने लढतोय.

तिसरं, फ्रान्समधले ए‌टीसीचे संप. तुम्हाला फ्रान्सला जायचंही नाही, पण वाट तिथूनच आहे. संपाच्या दिवशी काही विमानं फ्रान्स टाळून अटलांटिकच्या बाजूने लांबून जातात, काही रद्द होतात, बाकीच्यांना मोठे स्लॉट मिळतात. संपाची बातमी बहुतेक काही दिवस आधी येते, त्यामुळे निघायच्या आठवड्यात बातम्या बघत राहा. आणि मे संपता संपता दुपारच्या वादळी ढगांचा सीझन पण सुरू होतो, विमान ढगांच्या भिंतीला वळसा घालतं, एका सेक्टरमध्ये नेहमीपेक्षा कमी विमानं मावतात, परत स्लॉट.

तुम्हाला स्वतःला अंदाज घ्यायचा असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या साइटवर तुमचा फ्लाइट नंबर टाका, गेल्या आठवड्यात ती फ्लाइट रोज प्रत्यक्षात किती वाजता निघाली आणि किती वाजता उतरली ते दिसतं. सरासरी काढत बसू नका. सगळ्यात वाईट दोन दिवस बघा आणि त्या दिवशी तुमची मुंबईची फ्लाइट मिळाली असती का ते विचारा. अंतर सांगणाऱ्या दहा साइट बघण्यापेक्षा हा एक उद्योग कामाचा. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे दिसते ती बऱ्याचदा धावपट्टीवर टेकल्याची वेळ असते, गेटची नाही, स्किपोलला त्यात पंधरा मिनिटं घाला.

आता तो १८४७ चा आकडा एका ठिकाणी मात्र खरोखर पैशाचा आहे, ते सांगून ठेवतो कारण बऱ्याच आपल्या लोकांना माहीत नसतं. युरोपियन युनियनचा नियम २६१/२००४, फ्लाइट तीन तास किंवा जास्त उशिरा पोचली आणि चूक कंपनीच्या हातातली असली तर भरपाई. १५०० किमीपर्यंत २५० युरो, युनियनच्या आत १५०० च्या वर असेल तर ४०० युरो, माणशी. आणि हे अंतर मोजायची पद्धत नियमातच लिहिलीय, ग्रेट सर्कल. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅम-माद्रिद १४६१ किमी, २५० मध्ये, आणि अ‍ॅमस्टरडॅम-लिस्बन ४०० मध्ये. एकाच बुकिंगवर माद्रिदला बदलून गेलात तरी पहिलं आणि शेवटचं एअरपोर्ट यांच्यामधलंच सरळ अंतर धरतात, युरोपियन कोर्टाने २०१७ मध्ये तसं सांगितलंय. पोचल्याची वेळ म्हणजे विमानाचं दार उघडल्याची वेळ, टेकल्याची नाही, तेव्हा दोन तास पन्नास मिनिटं उशिरा टेकलात तर घड्याळ बघा, दार उघडलं त्या वेळेचा फोटो काढून ठेवा. पण ए‌टीसीचा संप, वादळ, धुकं ह्याला भरपाई मिळत नाही, फक्त तीन तासांच्या वर थांबावं लागलं तर खाणंपिणं आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यावं लागतं. आणि मुख्य म्हणजे वेगळ्या तिकिटावरची मुंबईची फ्लाइट चुकली तर ह्या नियमात तिचा विचार नाही. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आई-बाबा आलेच नाहीत, बस. एकाच बुकिंगवर असतं तर पुढच्या फ्लाइटवर बसवणं त्यांची जबाबदारी होती, आयत्या वेळी दोन तिकिटं काढायची म्हणजे ४०० युरोत काही होत नाही.

म्हणून माझा सल्ला. तुमचं १२:३० चं तिकीट बहुतेक दिवशी व्यवस्थित चालून जाईल, मी घाबरवत नाहीये. पण ते चुकलं किंवा रद्द झालं तर त्यानंतर लिस्बनहून जी फ्लाइट मिळेल ती तुम्हाला रात्री २०:३० च्या आत स्किपोलच्या काउंटरला उभं करेलच असं नाही, म्हणजे तुमच्याकडे खात्रीचा दुसरा पर्याय नाही, आणि मला तेवढीच गोष्ट खटकते. एकटा तरुण मुलगा पाठीवर सॅक घेऊन चालला असता तर मी म्हटलं असतं जा बिनधास्त. इथे दोन ज्येष्ठ माणसं, चेक-इन बॅगा, व्हिसाची तारीख, आणि पुढे दुबईला पुन्हा विमान बदलायचं. तिकीट बदलता येत असेल तर आदल्या दिवशी परत या. स्किपोलहून युट्रेक्ट ट्रेनने अर्धा तास, रात्री घरी झोपतील, बॅगा नीट भरून होतील, घरचं जेवून निघतील. लिस्बनचा एक दिवस कमी होईल हे मान्य आहे. तो नकोच असेल तर त्याच दिवसाची सकाळची पहिली फ्लाइट घ्या, पहाटे उठावं लागेल, पण ती रद्द झाली तरी मागे दुपारच्या फ्लाइट शिल्लक असतात. आणि ह्यातलं काहीच शक्य नसेल, १२:३० चंच ठेवायचं असेल, तर निदान आई-बाबांच्या मोठ्या बॅगा लिस्बनला नेऊच नका, युट्रेक्टला भरून ठेवा आणि मित्र-शेजारी कोणीतरी त्या संध्याकाळी स्किपोलला घेऊन येईल अशी सोय करा. लिस्बनला फक्त हातातली बॅग. पट्ट्यावर थांबायचा वेळ तिथेच वाचतो, आणि विमान उशिरा आलं तर सरळ काउंटरकडे चालू पडता येतं.

तिकीट बदलायचं ठरलं तर फ्लाइट नंबर इथे टाका, वेळ मिळाला की मी बघून सांगतो कुठली रोज जास्त वेळेवर येते.